सुरतेत तापी मागे फिरली

माझ्या सासऱ्यांना रस्ता विचारायची वेळच येत नाही, कारण विचारायच्या आधीच ते सांगून मोकळे होतात. जीवराम आबा रावेर तालुक्यातले, आजोबा-पणजोबांपासून केळीवाले. त्यांच्या गावाच्या उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी. या दोन खुणांवर त्यांचं सगळं जग चालतं. डावं-उजवं हे शब्द त्या घरात मी आजवर ऐकलेले नाहीत. लग्नानंतर पहिल्यांदा जेवायला बसलो, तेव्हा आबा चुलीच्या दिशेने म्हणाले, "पाव्हन्यांच्या तापीकडे ठेचा वाढ." मी गोंधळून बसलो. मामींनी, म्हणजे माझ्या सासूबाई लताबाईंनी, येऊन ताटाच्या उजव्या अंगाला ठेचा वाढला. मी उगवतीला तोंड करून बसलो होतो हे मला नंतर कळलं. खाटेवर झोपलेल्याला "जरा सातपुड्याकडे सरक", कपाटातलं "तापीकडचं गाठोडं आण". मामींची दाढ दुखली तेव्हा दवाखान्यात आबांनी डॉक्टरला सांगितलं की सातपुड्याकडची दुखते. बाई खुर्चीत कुणीकडे तोंड करून बसते यावर दाढ ठरणार. डॉक्टर तालुक्यातलाच होता म्हणून निभावलं.

मामी कमी बोलतात. आबा पुढे आणि मामी त्यांच्या मागे, शेतात जाताना तसंच आणि लग्नाला जाताना तसंच. आबा वळले की त्या वळतात, आबा कुणाशी बोलायला थांबले की त्याही थांबतात आणि पदर सारखा करत उभ्या राहतात. माझी बायको कामिनी यावरून आईवर चिडते. तिने एकदा मामींना रावेरला एकटीने जाऊन दाखव म्हणून पैज लावली होती. मामी हसल्या आणि म्हणाल्या की कशाला, तुझे बाबा जातातच की.

मी मूळचा बोदवडचा, पण पोटापाण्याला नरडाण्यात आहे, तिथल्या एका कारखान्यात. सुरतेची गाडी आमच्या दारावरून जाते. गेल्या हिवाळ्यात कामिनीने ठरवलं की आईला समुद्र दाखवायचा. मामींनी तो कधीच पाहिला नव्हता. आबांना समुद्राचं फारसं नव्हतं, पण आपली तापी जाते कुठे ते एकदा पाहावं असं त्यांच्या मनात होतं. सुरतेत दोन्ही होतं. आबा आणि मामी भुसावळला पॅसेंजरमध्ये बसले, आम्ही दोघं नरडाण्याला चढलो. डब्यात पाय ठेवला तर आबा शेजारच्या अनोळखी माणसाला सुरतेची माहिती देत होते. आबा सुरतेला कधी गेलेले नव्हते आणि तो माणूस सुरतेतच राहणारा होता.

स्टेशनाबाहेर पडलो आणि आबा पिशव्या खाली ठेवून जागच्या जागी उभे राहिले. चारी बाजूंना मान फिरवली. मग पुन्हा फिरवली. मला वाटलं काही विसरलं.

"सुकदेवराव," ते हळूच म्हणाले, "डोंगरच नाही."

खरोखर नव्हता. इमारती, पूल, त्यावर पुन्हा पूल, रिक्षा, आणि कुठेही डोंगर नाही. जन्मात पहिल्यांदा तो माणूस अशा जागी उभा होता जिथे सातपुडा दिसत नव्हता. त्यांचा चेहरा इतका उतरला की मला हसू आवरून धरावं लागलं. मी मोबाईल काढला आणि सांगितलं की काही काळजी नको, तापी जवळच आहे, इथून मावळतीला.

"मावळतीला कशी असंल?" आबा म्हणाले. "तापी तापीकडे असते."

मी हात टेकले. त्यांच्या डोक्यात तापी म्हणजे दक्षिण, आणि नदी दक्षिण सोडून दुसरीकडे राहायला गेली हे त्यांना पटेना. मामी मात्र आबांच्या मागे उभ्या राहून जे येईल ते पाहत होत्या. एका दुकानाबाहेर साड्या नेसवलेल्या बिनमुंडक्याच्या बाहुल्या रांगेने उभ्या होत्या. त्यांच्याकडे मामी डोळे मोठे करून पाहत राहिल्या, पण काही विचारलं नाही.

आमचा लॉज नानपुऱ्यात, नदीच्या जवळ होता. संध्याकाळी आबांनी आम्हाला काठावर नेलं. म्हणजे नेलं मीच, मोबाईल बघत बघत, पण पुढे ते होते. तापी बघून त्यांच्या जिवात जीव आला. आमच्याकडची असते त्याहून ती केवढी तरी रुंद होती, गढूळ होती, पण होती तापीच. आबांनी वाकून पाणी हाताला लावलं, डोळ्यांना लावलं. मामींनीही तसंच केलं. पाण्यातून झेंडूची एक माळ चालली होती, आमच्या डाव्या हाताला. आबांनी ती बोटाने दाखवली.

"हे पाहा. पानी तिकडे चाललं. म्हंजे समुद्र तिकडे, अन् आपला लॉज बी तिकडेच. वरच्या अंगाले तो किल्ला अन् बाजार. आता मोबाईल ठेवा खिशात."

मग ते मामींकडे वळले. उद्या बाजारात गर्दी असेल, चुकामूक झाली तर घाबरायचं नाही. कोणाला विचारायचं नाही, शहरातले लोक फसवतात. गल्लीगल्लीने तापी गाठायची आणि पाण्यासंगं चालायचं. लॉज आपोआप येतो. मामींनी मान हलवली. कामिनी म्हणाली की त्यापेक्षा आईकडे फोन राहू दे. मामींकडे बटणांचा छोटा फोन आहे, पण तो त्यांना ओझं वाटतो, कारण वाजला की उचलावा लागतो. तो कायम कामिनीच्या पर्समध्ये असतो. त्या दिवशीही तिथेच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौक बाजारात गेलो. त्या गर्दीचं काय सांगू. रावेरच्या यात्रेत एवढी माणसं नसतात, आणि ही म्हणे साधी सकाळ. गल्लीतून गल्ली फुटत होती, प्रत्येक गल्लीत जर, कापड, लेस, बटणं. मध्येच कुणीतरी आपल्या अहिराणीत कुणाला तरी शिव्या घालत जायचं आणि आम्ही चौघंही चमकून वळून पाहायचो. अर्धं धुळं, अर्धं नंदुरबार सुरतेत येऊन राहिलंय हे ऐकून होतो, पण कानांनी ऐकल्यावर अंगावर काटाच आला. आबा पुढे चालत होते, रस्ता माहीत असल्यासारखे. एका ठिकाणी हातगाड्यांची कोंडी झाली. आम्ही अंग चोरून पलीकडे निघालो. पलीकडे तिघंच निघालो.

सुरुवातीला कुणीच घाबरलं नाही. आम्ही मागे गेलो, पुढे गेलो, हाका मारल्या. त्या गल्लीत हाकेचा उपयोग नव्हता. कामिनी रडकुंडीला आली तशी आबांनी तिला झापलं.

"उगा गळा काढू नको. म्या तिले सांगेल आहे. ती येते बरोबर."

त्यांच्या बोलण्यात इतका भरवसा होता की मलाही बरं वाटलं. आम्ही लॉजवर येऊन बसलो. दुपार टळायला लागली. मामी आल्या नाहीत. लॉजच्या दारातून रस्ता दिसत होता आणि मामींसारखी हिरवी साडी दिसली की कामिनी उठून उभी राहत होती. शेवटी आबा म्हणाले, चला, काठावर जाऊ, म्हणजे ती येताना दिसेल. कामिनी लॉजवर थांबली. आम्ही दोघं निघालो.

काठावर पोचलो आणि आबा थबकले.

मला आधी काही लक्षात आलं नाही. नदी काल होती तशीच होती, पाणी जरा वाढलेलं. आबा मात्र कठड्याला दोन्ही हातांनी धरून खाली पाहत होते. पाण्यावरून एक नारळ चालला होता, त्यामागे प्लॅस्टिकच्या पिशव्या, मागे फेस. सगळं आमच्या उजव्या हाताला चाललं होतं. समुद्राकडून वर, किल्ल्याकडे. अख्खी तापी घरी परत निघाल्यासारखी.

आबांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी डोळे चोळले. मग माझ्या दंडाला धरून मला उलटं उभं केलं, स्वतः उलटे उभे राहिले, पुन्हा सरळ झाले. मुलतापीच्या डोंगरात निघून मावळतीला जाणारी नदी. आबांच्या बापाने, आज्याने, कुणीच तिला मागे फिरताना पाहिलेलं नव्हतं. महापुरात तिने गावं बुडवली तेव्हाही ती मावळतीलाच गेली होती.

"सुकदेवराव, माही मती फिरली का?" त्यांनी विचारलं. आवाज ओळखू येत नव्हता.

मी काय सांगणार? भरती-ओहोटी मी शाळेत शिकलो होतो, पण ती समुद्राची. नदीत, तीही शहराच्या मधोमध, समुद्र असा आत घुसतो हे माझ्या डोक्यात कुठून येणार? कठड्याजवळ एक बाई भुईमुगाच्या शेंगा विकत बसली होती. भिकुबाई तिचं नाव, शिंदखेड्याकडची, हे नंतर कळलं. आमचं बोलणं ऐकून ती आपणहून म्हणाली, "भरती उनी शे, आबा. आठे रोजच पानी मांगे जास. मंग परत फिरस."

तिच्यासाठी ते रोजचं होतं. तिने शेंगा चाळायला घेतल्या. आबा मात्र तिच्याकडे पाहतच राहिले आणि मग एकदम खाली बसले. त्यांच्या मनात जे आलं ते माझ्याही मनात आलं. मामी बाजारातून नदीवर आल्या असणार. पाणी बघितलं असणार. आणि पाण्यासंगं चालायला लागल्या असणार. लॉजकडे पाठ करून.

मी म्हटलं, असं कसं होईल, पाणी कालच्यापेक्षा उलटं चाललंय हे मामींना दिसेल की. दिसलं की त्या थांबतील, कुणाला तरी विचारतील. इथे तर बोलीही आपलीच आहे.

"नाही विचारनार," आबा म्हणाले.

"का नाही?"

"म्याच सांगेल आहे विचारू नको म्हनून."

आम्ही रिक्षा केली आणि नदीच्या वरच्या अंगाला निघालो. काठाकाठाने सलग रस्ता नाही. रिक्षा आत शिरायची, वस्त्यांतून फिरायची, आणि मध्येच एखाद्या गल्लीच्या टोकाला नदी दिसायची. दिसली की आबा उतरून धावत जायचे, दोन्हीकडे पाहायचे आणि परत यायचे. वरियावी बाजार गेला, पुढे कुठल्या कुठल्या वस्त्या गेल्या, मला नावं सांगता येणार नाहीत. घाट, मंदिरं, दर्गा, म्हशी, धोब्यांची वाळत घातलेली कापडं, आणि हिरव्या साडीतल्या कितीतरी बायका. त्यातली एकही मामी नव्हती.

वाटेत पोलीस चौकी लागली. तिथला जमादार चांगला माणूस होता. त्याने आम्हाला पाणी दिलं, वय विचारलं, अंगावर काय आहे विचारलं. ते सगळं मी सांगितलं. मग त्याने आबांना हिंदीत विचारलं की मामींना कुठे जायला आवडतं, म्हणजे देऊळ, बाजार, कुणी नातेवाईक, बहुतेक वेळा माणूस आपल्या आवडीच्या ठिकाणी सापडतो. आबांनी माझ्याकडे पाहिलं, जणू मला माहीत असेल. मी नजर खाली घातली. जमादाराला वाटलं की त्यांना हिंदी कळली नाही. त्याने तोच प्रश्न मोडक्यातोडक्या मराठीत पुन्हा विचारला.

"ती कुठी जात नाही," आबा शेवटी म्हणाले. "माह्यासंगं जाते."

वर सिंगणपोरकडे नदीवर बंधारा आहे, लोक त्याला कॉजवे म्हणतात. समुद्राचं पाणी तिथवर येतं आणि भिंतीला अडतं. आम्ही तिथे पोचलो तेव्हा उन्हं पिवळी झाली होती. पर्यटक सेल्फी काढत होते. आबा भिंतीपाशी गेले, खाली पाण्यात पाहिलं आणि पाहतच राहिले. ते काय शोधत होते ते मला कळलं. मी त्यांना तिथून ओढून बाजूला घेतलं. ते हलत नव्हते. मला सारखं एकच म्हणत होते की काल पाणी तिकडे जात होतं ना, तुम्ही पाहिलं ना, माळ तिकडेच गेली ना. मी हो म्हणत होतो. त्यांना साक्षीदार हवा होता.

तेवढ्यात कामिनीचा फोन आला. ती रडत होती, त्यामुळे मला पहिलं वाक्य कळलंच नाही. दुसरं कळलं. आई आली.

लॉजवर पोचलो तर मामी खाटेच्या कडेला बसलेल्या, पाय बादलीतल्या कोमट पाण्यात. टाचा फुटल्या होत्या, एका पायाची बोटं ठेचाळली होती, साडी घोट्यापर्यंत चिखलाने भरलेली. चेहरा मात्र शांत. आम्हाला पाहून त्यांनी पदर सारखा केला. मला वाटलं आबा ओरडतील. काळजीतून सुटलेला माणूस आधी ओरडतो. आबा दारातच उभे राहिले.

"कुठी होती?"

मामींनी सांगितलं. गल्लीत आम्ही दिसेनासे झालो तशा त्या सांगितल्याप्रमाणे नदीवर गेल्या. पाणी ज्या दिशेला चाललं होतं तिकडे चालायला लागल्या. रस्ता संपला की घाटावरून, घाट संपला की चिखलातून, भिंत आली की वळसा घालून, पण पाणी सोडलं नाही. असं चालत चालत मोठी भिंत आली. तिथे पाणी थांबलं होतं. पुढे जायला पाणीच नव्हतं, म्हणून त्या बसल्या.

आबा आत आले. मामींसमोर जमिनीवरच बसले. मी त्यांना बायकोच्या पायाशी बसलेलं कधी पाहिलं नव्हतं, कामिनीनेही नसावं, कारण तिने माझा हात धरला.

"काल पानी इकडे येत होतं. आज तिकडे चाललं. तुले दिसलं नाही?"

"दिसलं ना."

"मंग?"

"मंग काय? तुमी सांगेल होतं, पान्यासंगं चाल." मामींनी पाय पाण्यात जरा हलवला. "तठी बसली व्हती. मंग पानी फिरलं. मी बी फिरली. अठी आली."

म्हणजे आम्ही रिक्षातून वर जात होतो तेव्हा त्या काठाने खाली येत होत्या, नदीबरोबर. ती वळली तशा वळल्या. त्यांच्या मते सगळं ठरल्याप्रमाणे झालं होतं. जरा उशीर झाला एवढंच. त्यांनी आबांचं तोंड पाहिलं आणि त्यांना वाटलं आपलं काहीतरी चुकलं, म्हणून त्या घाईने म्हणाल्या की मी कोणाला काही विचारलं नाही, एकाही माणसाशी बोलले नाही.

आबा मामींच्या ठेचाळलेल्या बोटांकडे पाहत राहिले. मग विचारलं.

"अन् नसतं फिरलं तर?"

मामींनी या प्रश्नाचा खरंच विचार केला. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या आणि बादलीतल्या पाण्याकडे पाहिलं.

"बसून राहिली असती," त्या म्हणाल्या.

त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती, टोमणा नव्हता. एखाद्याने चहात साखर किती असं विचारावं आणि आपण सांगावं, तसं त्यांनी सांगितलं. मला भीती वाटली, सरळच सांगतो. दुपारपासून मामी नदीत बुडाल्या असतील म्हणून मी भीत होतो, पण ही भीती वेगळी होती. कामिनी बाथरूममध्ये गेली आणि नळ सोडून तिथेच थांबली. आबा तसेच जमिनीवर बसून होते. त्यांनी आयुष्यभर किती काय काय सांगितलं असेल. हे खा, इथे बस, याला हो म्हण, त्याच्या घरी जाऊ नको. अर्धं तर बोलता बोलता, मागे न पाहता. आणि एक माणूस त्यातलं प्रत्येक वाक्य धरून चालत होता, रस्ता चुकला तरी, पायाला जखमा झाल्या तरी. हे त्यांना तेव्हा कळलं की मला, ते मी सांगू शकत नाही. पण त्यांनी बादलीत हात घातला आणि मामींच्या टाचांवरचा चिखल चोळून काढायला लागले. मामी पाय ओढून घेत होत्या. माझ्यासमोर त्यांना फार ओशाळल्यासारखं झालं. मी बाहेर गेलो.

समुद्र पाहायचा राहिलाच होता. सकाळी मला वाटलं, आता परत जाऊ म्हणतील, पण आबा आधीच आवरून बसले होते. मामींना चप्पल घालता येत नव्हती, म्हणून कामिनीने आपल्या मऊ सपाता दिल्या. डुमसची बस मिळते त्या चौकापर्यंत आम्ही सावकाश चालत गेलो. चार रस्ते, चारी रस्त्यांना बसचे थांबे, पाट्या गुजरातीत. आबा नेहमीप्रमाणे पुढे होते. चौकात येऊन ते थांबले. मामीही त्यांच्या मागे थांबल्या. मी मोबाईल काढून पाहणार, तेवढ्यात कामिनीने माझा हात दाबला.

आबा मागे वळले. त्यांनी मामींकडे पाहिलं.

"कोनीकडे जायचं?" त्यांनी विचारलं.

ते नेमकं कुणाला विचारताहेत हे पाहायला मामींनी मान वळवून मागे पाहिलं. मागे कुणीच नव्हतं.